लेन्सच्या पुढे आणखी एक काच हवी का?

पत्राचा गोषवारा: एका वाचक भगिनीने अडीच वर्षे पैसे बाजूला टाकून २४–७० मिमी, एफ २.८ ची एक उत्तम झूम लेन्स घेतली. ज्या काकांनी त्यांना छायाचित्रण शिकवले, त्यांनी लेन्स घरी आली त्याच दिवशी ८२ मिमीचा यूव्ही फिल्टर (अतिनील किरण अडवणारी, लेन्सच्या तोंडावर बसणारी सपाट काच) भेट दिला, तो स्वतःच्या हाताने बसवला आणि ‘हा आता कधी काढू नकोस’ असे बजावले. तीन महिन्यांनी एका पुलाचे रात्रीचे छायाचित्र काढले, तेव्हा काळ्या आकाशात दिव्यांची हिरवट, उलटी रांग उमटलेली दिसली. हा फिल्टरचाच प्रताप आहे, असे एका मित्राने सांगितले आणि ‘एवढ्या चांगल्या लेन्सपुढे साधी काच लावतेसच कशाला?’ असेही सुनावले. फिल्टर काढला तर लेन्सला काही होईल ही धास्ती, ठेवला तर ज्यासाठी पैसे मोजले तेच हातचे जाईल ही रुखरुख, आणि या दोहोंच्या मध्ये काकांचे मन. त्यांना समुद्राच्या लाटा टिपायला आवडतात, घरात दोन वर्षांचे मूल आहे आणि पुढे टेलिफोटो (दूरचे जवळ आणून दाखवणारी) लेन्स घेण्याचाही विचार आहे. फिल्टर ठेवावा की काढावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे ती हिरवट रांग, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ते छायाचित्र संगणकावर न कापता, पूर्ण उघडा. चौकटीच्या मध्यबिंदूवर बोट ठेवा आणि पुलावरच्या कोणत्याही एका दिव्यापासून निघून त्या बोटाखालून जाणारी सरळ रेषा मनातल्या मनात पलीकडे तेवढ्याच अंतरावर न्या. ती नेमकी एखाद्या हिरव्या ठिपक्यावर जाऊन थांबली, तर तुमच्या मित्राचे निदान बरोबर आहे. दिव्याचा प्रकाश लेन्समधून सेन्सरवर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) पडतो, त्यातला थोडासा भाग सेन्सरच्या चकचकीत पृष्ठभागावरून मागे फिरतो, लेन्समधून उलट्या वाटेने बाहेर येतो, पुढच्या सपाट फिल्टरवर आपटतो आणि पुन्हा आत शिरून चौकटीच्या विरुद्ध कोपऱ्यात स्वतःची छोटी प्रतिकृती उमटवतो. फिल्टर सपाट असतो म्हणूनच ही प्रतिकृती इतकी रेखीव असते; लेन्सच्या स्वतःच्या वक्र काचांवरून परतलेला प्रकाश बहुधा पसरट डागासारखा दिसतो किंवा विरून जातो. दिवसा असे परतलेले किरण उजळ आकाशात हरवतात. रात्री पार्श्वभूमी काळी असते, दिवे प्रखर असतात आणि चोरी उघड होते.

खात्री करून घ्यायची असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून तीच चौकट एकदा फिल्टर लावून आणि एकदा काढून टिपा. दहा मिनिटांचे काम आहे. या विषयावर लोक वर्षानुवर्षे भांडतात, पण ही दहा मिनिटे फारच थोड्यांनी खर्च केलेली असतात.

आता काकांकडे वळू, कारण त्यांचा आग्रह आंधळा नाही. फिल्मच्या जमान्यात यूव्ही फिल्टरला खरे काम होते. फिल्मचा थर अतिनील किरणांनाही संवेदनशील असे, त्यामुळे उंच डोंगरावर किंवा समुद्राकाठी दूरच्या दृश्यावर निळसर धुरकटपणा येई आणि हा फिल्टर तो कमी करी. शिवाय जुन्या काही लेन्सच्या काचा खरोखरच नाजूक होत्या. १९३० च्या दशकातली लाइकाची समार ही लेन्स तिच्या मऊ पुढच्या काचेसाठी आजही संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे, आणि ओरखडे नसलेली समार सापडली तर तो भाग्ययोग मानला जातो. त्या काळात ‘लेन्स घेतली की फिल्टर लावायचा’ हा शिरस्ता पडला तो उगाच नव्हे. मात्र आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढ्यातच अतिनील आणि अवरक्त किरण अडवणाऱ्या काचेचा थर बसवलेला असतो, आणि लेन्समधल्या डझनभर काचाही अतिनील किरणांचा बराच भाग आधीच गिळतात. तेव्हा तुमच्या लेन्सवरचा यूव्ही फिल्टर ज्या कामासाठी जन्माला आला ते काम आता उरलेले नाही. उरली आहे ती त्याची दुसरी नोकरी, पहारेकऱ्याची. (जाता जाता एक धोक्याची सूचना: नावात ‘यूव्ही’ आहे म्हणून आरशाच्या कॅमेऱ्याच्या दर्शिकेतून सूर्याकडे पाहण्याचे धाडस कोणी करू नये. हा फिल्टर डोळ्यांचे कसलेही रक्षण करत नाही.)

तर हा पहारेकरी नेमका कोणापासून राखण करतो? तुमच्या पत्रात ‘लेन्सला काही झाले तर’ हे शब्द तीनदा आले आहेत, पण ते ‘काही’ म्हणजे काय हे एकदाही आलेले नाही. माझ्या मते गुंत्याची गाठ तिथेच आहे. धोक्याला नाव दिले नाही की प्रत्येक उपाय आवश्यक वाटू लागतो.

सर्वांत मोठी भीती पडण्याची असते, असे मी धरून चालतो. लेन्स हातातून सुटून जमिनीवर आपटली, तर धक्का नळीला बसतो, कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याला बसतो आणि आतल्या काचांच्या जुळणीला बसतो. एखादी काच केसभर सरकली तरी चौकटीची एक बाजू कायमची अस्पष्ट दिसू लागते, आणि याबाबतीत पुढची पातळ काच काहीच करू शकत नाही. फार तर एक श्रेय तिला द्यावे लागेल: कडेवर मार बसला तर फिल्टरचे कडे चेपते आणि लेन्सचे आटे वाचू शकतात. पण याच चेपलेल्या कड्यामुळे फिल्टर आट्यांत असा रुतून बसतो की तो काढायला दुरुस्ती करणाऱ्याला करवत हातात घ्यावी लागते.

‘फिल्टर फुटला, पण लेन्स वाचली’ ही कथा तुम्ही ऐकली असेलच. मीही बरीच वर्षे ती सांगत असे. मग माझीच एक ८५ मिमीची लेन्स टेबलावरून घरंगळली. फिल्टरचे तुकडे झाले, आणि मी तो काढू लागलो तेव्हा त्यातली एक धारदार चीप कड्याखाली अडकून फिल्टरबरोबर गोल फिरली. लेन्सच्या काचेवरच्या, परावर्तन कमी करणाऱ्या लेपावर तिने कर्कटकाने काढावा तसा सुबक कंस कोरला. फिल्टरची काच एकदोन मिलिमीटर जाडीची असते, तर लेन्सची पुढची काच कितीतरी जाड आणि भक्कम असते. ज्या आघाताने पहिली फुटते त्याने दुसरी फुटलीच असती असे सिद्ध होत नाही. फुटलेला फिल्टर ही वाचलेल्या लेन्सची पावती नव्हे. कधी तशी वेळ आलीच तर लेन्सचे तोंड जमिनीकडे करून तुकडे आपसूक पडू द्या, तशाच अवस्थेत ब्लोअरने हवा मारा, आणि सगळे तुकडे निघाल्याशिवाय कडे फिरवू नका. मला हे त्या दिवशी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

तो कंस आजही त्या लेन्सवर आहे, आणि त्याने माझ्या छायाचित्रांत काय बिघडवले हे मला आजवर सापडलेले नाही. लेन्सची पुढची काच सेन्सरपासून दूर आणि फोकसच्या पूर्ण बाहेर असते. चौकटीतल्या प्रत्येक बिंदूसाठी प्रकाश त्या काचेच्या मोठ्या भागातून गोळा होत असल्यामुळे एखादा बारीक ओरखडा कोणत्याही एका जागी उमटत नाही. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून स्वतः करून पाहा. चिकट चिठ्ठीचा कडेचा, करंगळीच्या नखाएवढा तुकडा कापा, फिल्टर बसवलेलाच ठेवून त्याच्या मध्यभागी तो हलकेच चिकटवा, झूम ७० मिमीवर न्या, ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ २.८ ला उघडे ठेवा आणि खिडकीबाहेरचे काहीही टिपा. त्या छायाचित्रात कागद शोधून दाखवा. (फिल्टरचा असाही एक उपयोग!) मग झूम २४ मिमीवर आणून ॲपर्चर एफ १६ पर्यंत बंद करा, आता मात्र मधोमध एक धूसर डाग दिसू लागेल, कारण प्रकाश आता काचेच्या लहानशा भागातूनच आत येतो आहे. म्हणजे ओरखडा अगदीच निरुपद्रवी असतो असे नाही: रुंद कोनात, बारीक ॲपर्चरला किंवा समोर सूर्य असताना तो अंगावर येऊ शकतो. खोल टवका गेला तर त्यात काळी शाई भरून चमक मारण्याची जुनी युक्ती आहे, ती त्यासाठीच. पण ज्याच्या भीतीने आपण रात्रीच्या प्रत्येक छायाचित्रात हिरवे दिवे सहन करतो, तो धोका कागदाच्या तुकड्याएवढाही नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे. मागची, कॅमेऱ्याच्या बाजूची काच मात्र खरोखर जपा. ती सेन्सरच्या जवळ असल्यामुळे तिच्यावरचा डाग जास्त नडतो, आणि तिला कोणी फिल्टर लावत नाही.

पडण्या-आपटण्यावर खरा उपाय तुमच्याकडे आधीच आहे, आणि तो बहुधा लेन्सच्या खोक्यात पडून असेल: हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर पुढे येणारी कड. दाराची चौकट, खुर्चीची पाठ, गर्दीतले कोपर, हे सगळे आधी हूडला लागते. तो प्लास्टिकचा असल्यामुळे वाकतो, निसटतो किंवा तुटतो आणि धक्का स्वतः पचवतो. वर तो बाजूने येणारा नको असलेला प्रकाश अडवतो, म्हणजे छायाचित्र सुधारतो. पुष्कळ लोक तो लेन्सवर उलटा चढवून तसाच हिंडतात. उलटा हूड म्हणजे मिटलेली छत्री.

इतके वाचून मी मित्राच्या बाजूचा आहे असे तुम्हाला वाटेल, पण तसे नाही, कारण तुम्ही लाटा टिपता. समुद्राचे तुषार पुढच्या काचेवर वाळले की मिठाचे स्फटिक उरतात, आणि वाऱ्यासोबत येणारी वाळू बहुतांशी क्वार्ट्झची असते. काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर येतो, तर साधी काच साधारण ५.५ च्या आसपास. अशी काच किनाऱ्यावर उभ्या उभ्या शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे पॉलिशपेपर घासणेच. तिथे फिल्टर असेल तर तो घरी आणून नळाखाली धरता येतो. पाच हजार वेळा पुसून खराब झाला तर बदलता येतो. लेन्स नळाखाली धरता येत नाही. म्हणून समुद्र, वाळूचा वारा, उडणारा चिखल, वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगच्या तापलेल्या ठिणग्या (या काचेत रुततात आणि कायमचे खळगे पाडतात) अशा ठिकाणी फिल्टर लावावा, यात माझ्या मनात जराही किंतु नाही.

आणखी एक प्रकरण असे आहे की तिथे कंपनीच फिल्टर लावायला सांगते. काही लेन्स धूळ-पाण्यापासून सुरक्षित म्हणून विकल्या जातात, पण त्यांची पुढची काच झूम करताना कड्याच्या आत मागेपुढे सरकते आणि ती फट फिल्टर बसवल्यावरच बंद होते. कॅननच्या ईएफ १७–४० मिमी एफ ४ एल या लेन्सची माहितीपुस्तिका हे स्पष्ट सांगते. तुमच्या लेन्सची पुस्तिका उघडून हा मुद्दा पाहून घ्या. उलट निकॉनच्या एएफ-एस १४–२४ मिमी एफ २.८ सारख्या लेन्सची पुढची काच इतकी फुगीर असते की समोर फिल्टर बसवण्याची सोयच नाही, आणि तरी ती घेऊन लोक निवांतपणे कामे करत आले आहेत. याची आठवण मी घाबरलेल्या मंडळींना अधूनमधून करून देतो.

मुलाबद्दल फार काळजी नको. चिकट बोटांचे ठसे हा डाग आहे, जखम नव्हे. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग मऊ ब्रशने उरलेले कण काढायचे, आणि त्यानंतरच स्वच्छ मायक्रोफायबर कापडावर द्रवाचा एक थेंब घेऊन मध्यापासून बाहेर गोल गोल पुसायचे. द्रव कापडावर घालायचा, काचेवर नाही, म्हणजे तो कडेने आत झिरपणार नाही. घरात लेन्स हाताळत नसाल तेव्हा झाकण लावले की प्रश्न मिटला. ओलाव्याची काळजी मात्र करा. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते, ती काच कोरते, आणि तिच्यापुढे जगातला सर्वांत महागडा फिल्टरही लाचार आहे. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि ४० ते ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता एवढी व्यवस्था फिल्टरपेक्षा जास्त लेन्स वाचवते.

आता काकांनी दिलेला फिल्टर पारखू. तो हातात घ्या आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्यात तिरके पाहा. प्रतिबिंब पांढरेशुभ्र, ठसठशीत दिसले तर काचेवर लेप नाही. मंद, हिरवट किंवा जांभळट दिसले तर आहे. लेप नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते, म्हणजे दोन्ही मिळून ८. प्रकाशातली ही घट क्षुल्लक आहे, स्टॉपच्या आठव्या हिश्श्याइतकी (एक स्टॉप घटला म्हणजे प्रकाश निम्मा झाला). परतलेले ते ८ टक्के पुढे कुठे भटकतात हा खरा त्रास आहे. चांगल्या बहुस्तरीय लेपाने हे प्रमाण प्रत्येक पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. नवा घ्यावाच लागला तर यूव्ही शब्दाचा मोह सोडून ‘क्लिअर’ किंवा ‘प्रोटेक्टर’ नावाने मिळणारा, बहुस्तरीय लेपाचा, शक्यतो पितळी कड्याचा घ्या. पितळ ॲल्युमिनियमपेक्षा कमी अडकते. लेन्स चांगली आणि फिल्टर मिळेल तो, ही काटकसर कोणाच्याच कामाची नाही. तसा घ्यायचा असेल तर घेऊच नका. आणि पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावायचा असेल तेव्हा संरक्षक फिल्टर आधी काढा. एकावर एक दोन काचा चढवल्या की २४ मिमीला कोपरे काळवंडू लागतात आणि परावर्तनाचे पृष्ठभाग दुप्पट होतात.

टेलिफोटोच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. लांब फोकल लेंग्थला काचेच्या सपाटपणातली बारीकशी चूकही मोठी होऊन दिसते: बारीक तपशील विरघळतात, फोकसबाहेरची पार्श्वभूमी रेघाळ, दुहेरी दिसू लागते, आणि माणूस महिनोन्महिने ऑटोफोकसला दोष देत बसतो. ती लेन्स आली की पहिल्याच दिवशी छापील मजकुराचे पान भिंतीवर लावून, लांबात लांब झूमला, ट्रायपॉडवरून, फिल्टरसह आणि फिल्टरविना टिपा. अक्षरांच्या कडा काय ते सांगतील.

तर माझे मत असे: रोज, सवयीने, कायमचा फिल्टर नको. रोज हूड असू द्या. फिल्टर डबीत घालून बॅगेत ठेवा आणि धोक्याला नाव देता आले की लावा. रात्री दिवे टिपताना, समोर सूर्य असताना आणि ज्या कामासाठी ही लेन्स घेतली त्या प्रत्येक महत्त्वाच्या चौकटीच्या वेळी तो काढा. हे मत सर्वांना लागू होईल असे मात्र नाही. जो माणूस लग्नाच्या गर्दीत दहा तास धावतो, ज्याला लेन्स पुसायला मिनिटभरही मिळत नाही, त्याने चांगला फिल्टर लावून ठेवला आणि रात्री दिवे आले की काढला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. तसेच ज्याला उघडी काच पाहून इतकी धाकधूक होते की तो कॅमेरा घराबाहेरच काढत नाही, त्यानेही फिल्टर लावावा आणि छायाचित्रे काढावीत. कपाटातल्या लेन्सपेक्षा हिरव्या दिव्यांची लेन्स बरी.

काकांना ‘तुमचे चुकले’ असे सांगायला जाऊ नका. त्यांचे चुकलेले नाही, काळ बदलला आहे. पुलाची ती दोन छायाचित्रे, फिल्टरसह आणि फिल्टरविना, शेजारी शेजारी ठेवून त्यांना दाखवा आणि फरक त्यांनाच ओळखायला सांगा. ज्यांनी तुम्हाला पाहायला शिकवले ते तो नक्की ओळखतील. आणि त्याच बैठकीत विचारा, की समुद्रावर जाताना हा फिल्टर लावायचा तर तो अडकू नये म्हणून काय करावे. फिल्मच्या दिवसांपासून फिल्टर वापरणाऱ्या माणसाला हे ठाऊक असणारच: कडे आट्यांवर टेकवून आधी हलकेच उलट्या दिशेने फिरवायचे, आटे जुळले की बोटांना एक बारीकसा ‘टक्’ जाणवतो, मग सरळ फिरवायचे आणि पूर्ण आवळण्याच्या किंचित आधी थांबायचे. तरीही अडकलाच तर दोन बोटांनी चिमटीत धरून पिळू नका, त्याने कडे लंबगोल होऊन आणखी रुतते. रुंद रबर बँड सभोवार गुंडाळा आणि सगळीकडून सारखा दाब देत फिरवा.